आधीचं पाणी

न्यान्झोबेने दोरी वर ओढली आणि पांढरी तबकडी पुन्हा पाण्यात सोडली. या वेळी तिने दोरी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती बोटीच्या कडेवरून छातीपर्यंत वाकली होती. तबकडी पाण्यात शिरली, पिवळी पडली, मग तपकिरी झाली आणि दिसेनाशी झाली. तिने दोरीवरची जागा चिमटीत पकडली. हातभर. हातभरही नाही.

"तिसरी वेळ," सुकाणूपाशी बसलेला म्हातारा बुगुम्बा म्हणाला. "तबकडी तीच, दोरी तीच. पाणी ते नाही."

"मला दिसतंय."

"दिसत नाही म्हणून तर बोलतोय."

ती हसली नाही. गेली सोळा वर्षं दर बुधवारी ती या खडकाळ बेटापाशी येऊन तबकडी किती खोलवर दिसते ते मोजत आली होती. पावसाळ्यात थोडी कमी, उन्हाळ्यात थोडी जास्त, पण पुरुषभर खोलीपर्यंत तबकडी दिसायचीच. मध्ये इंजिन बिघडलं म्हणून पाच आठवडे बोट म्वान्झा शहराच्या धक्क्यालाच बांधून पडली होती. पाच आठवड्यांत सरोवराचा हा कोपरा चहासारखा झाला होता.

त्यांनी जाळं ओढलं. फुरू मासे निघाले, बोटभर लांबीचे. न्यान्झोबेने एकेक नर तळहातावर घेतला. एरवी तिला डोळे किलकिले करूनही ते दोन बादल्यांत वेगळे करता आले असते. उथळात खडकाला धरून राहणारे निळे, त्यांच्या खाली अंधुक उजेडात राहणारे लाल पाठीचे. आज अकरा नर होते आणि अकराही करडे होते, निखाऱ्यावर राख चढावी तसे. पाठीला बोटाने पाणी लावून उजेडात धरलं तर कुठे लालसर झाक दिसायची, कुठे निळसर.

या दोन जातींच्या मध्ये भिंत अशी कधी नव्हतीच. नर खडकाची एक कपार धरतो, मादी आली की अंग थरथरवून रंग दाखवतो. ती बघते, जवळ येते, दूर जाते, पुन्हा येते. तिच्या मनाला आलं तर अंडी घालते आणि तोंडात घेऊन निघून जाते, मग दोन-तीन आठवडे अन्नाला शिवत नाही. लाल कुळातली मादी लाल नर निवडते, निळ्या कुळातली निळा. सगळी मदार त्या मादीच्या डोळ्यांवर. आणि डोळ्यांना उजेड लागतो.

शेवटची एक मादी जाळ्याच्या कोपऱ्यात अडकली होती. माद्या दोन्ही कुळांतल्या सारख्याच मातकट. त्या ओळखणं मत्स्य केंद्रात न्यान्झोबेइतकं कुणालाच जमत नसे. ही लाल कुळातली होती. तिचा गळा फुगलेला होता, तोंड अंड्यांनी भरलेलं होतं.

"जाळ्याचं हे टोक कुठे होतं?" न्यान्झोबेने विचारलं.

"वर. उथळात, निळ्यांच्या कपारीपाशी."

बुगुम्बाला पुढचं सांगावं लागलं नाही. तोही या माशांत म्हातारा झाला होता. "आता पाणीच असलं," तो म्हणाला, "तर नवरीनं तरी काय बघावं?"

न्यान्झोबेने मादीला वेगळ्या डब्यात ठेवलं. झाकण लावताना तिचा हात इतका जोरात पडला की डबा तडकतो की काय असं वाटलं.

"बोट वळव," ती म्हणाली. "हा गाळ येतोय कुठून ते बघू."

तपकिरी पट्टा पाण्यावर स्पष्ट दिसत होता. त्याच्या मागावर ते तासभर गेले. पट्टा न्यान्झोबेच्या माहेरच्या ओढ्याकडे निघाला होता.

ओढ्याच्या तोंडाशी लव्हाळा असायचा. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर पुरणार नाही एवढा उंच, डोक्यावर छत्रीसारखे तुरे. ओढ्याचं पाणी त्यात शिरायचं, मुळ्यांमध्ये भटकायचं, गाळ तिथेच टाकून स्वच्छ होऊन सरोवराला मिळायचं. त्या जागी आता नुसतं आकाश होतं. जळके खुंट, त्यांच्यामधून कुदळीने सरळ काढलेला पाट आणि दोन्ही बाजूंना ओळीने भाताची कोवळी रोपं.

गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या तिच्या भावाने, लुहेंडेने, कुदळ टेकवली.

"या," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी आठवण आली, ती पण सरकारी बोटीतून."

"हे कुणी कापलं?"

"मी. आणि आणखी बारा घरांनी. बघ तरी, कसं हिरवं झालंय."

"दादा, लव्हाळा गाळ धरत होता. आता सगळा गाळ बेटापर्यंत चाललाय."

"जाऊ दे की. बेटावर कोण राहतं?"

"मासे राहतात."

"कुठले? खायचे? सांगारा? सातो?"

"फुरू."

बांधावरची माणसं हसली. लुहेंडेही हसला, पण त्याच्या हसण्यात मजा नव्हती. "फुरू. बोटाएवढा जीव आणि अंगभर काटे. मांजरसुद्धा दुसरं काही नसलं तरच तोंड लावतं."

"त्यांचा रंग जातोय. मादीला आपला नर ओळखता येत नाही. अशानं दोन्ही कुळं बुडतील."

"म्हणजे तुझ्या माशांची लग्नं नीट लागावीत म्हणून माझी चूल विझवू?" आता तो हसत नव्हता. "वरची जमीन नुसती वाळू झाली. कसाव्याच्या कंदाला रोग लागला, उपटला तर आतून काळा. सांगारा मोठ्या बोटी नेतात, आमच्या गळाला काय, शेवाळ लागतं. सोळा वर्षं तू तिकडे मासे बघतेस, न्यान्झोबे. घरी येऊन आमच्या ताटात कधी बघितलंस?"

हे तिला लागलं, आणि लागलं म्हणून ती आणखी चिडली. "परवानगी कुणी दिली? सरोवराच्या काठाला असा हात लावता येत नाही."

लुहेंडेने बायकोला हाक मारली. मिंझा घरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. न्यान्झोबेने तो उभ्या उभ्याच वाचला. वर तिच्याच मत्स्य केंद्राचं नाव, खाली केंद्रप्रमुख डॉक्टर माकोयेंची सही. 'सोळा वर्षांच्या नियमित निरीक्षणांच्या आधारे असे मत देण्यात येते की ओढ्याच्या मुखाशी शेती केल्याने खाद्य माशांना विशेष हानी संभवत नाही.' तारीख सात आठवड्यांपूर्वीची.

सोळा वर्षांची निरीक्षणं. तिच्या अक्षरातली.

"मला वाटलं, तूच शब्द टाकलास," लुहेंडे म्हणाला. "डॉक्टर स्वतः इथे आला होता. मी त्याला घरचा कोंबडा दिला. म्हटलं, बहिणीनं एकदा तरी लाज राखली."

तिने कागदाची घडी केली आणि मिंझाच्या हातात दिली. मग ती बोटीत जाऊन बसली.

*

डॉक्टर माकोये टाक्यांच्या खोलीत होते. पंधरा वर्षांपूर्वी ते विद्यार्थी म्हणून या केंद्रात आले तेव्हा त्यांना लाल कुळातली मादी आणि निळ्या कुळातली मादी यांतला फरक कळत नसे. न्यान्झोबेनेच त्यांना शिकवलं होतं, डोळ्याच्या वरची रेघ कशी बघायची, शेपटीचा देठ कसा मोजायचा. तेव्हा ते तिला ताई म्हणत. आता केंद्राचे प्रमुख झाल्यावरही म्हणत, तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं.

तिने मादीचा डबा त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवला.

"लाल कुळातली मादी. निळ्याच्या कपारीपाशी मिळाली. तोंडात अंडी आहेत."

माकोये खुर्चीवरून उठले. झाकण काढून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. वर मान केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. लपवता न येणारा, लहान मुलासारखा आनंद.

"इतक्या लवकर," ते म्हणाले. "मला वाटलं होतं निदान वर्ष जाईल."

खोलीत पंपांची घुरघुर चालू होती. न्यान्झोबेला ती एकदम फार मोठी वाटली.

"तुम्हाला माहीत होतं."

"ताई, बसा."

"तुम्हाला माहीत होतं लव्हाळा गेला की काय होणार ते."

"अंदाज होता. सगळ्यांनाच अंदाज आहे. पण बघितलंय कुणी?" ते आता भराभर बोलू लागले, व्याख्यान देताना बोलत तसे. "सरोवराचे निम्मे कोपरे गढूळ आहेत. तिथे मिश्र मासेही आहेत. पण ते गढूळ व्हायच्या आधी तिथे काय होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आधीचं पाणी कुणाकडेच नाही. ते फक्त आपल्याकडे आहे. सोळा वर्षांचं. तुमच्यामुळे. आता नंतरचं पण मिळेल, दर आठवड्याचं. जगात कुठे नाही असं काम होईल हे, आणि त्यावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव असेल. मी परदेशी कळवलंसुद्धा आहे."

"म्हणून पत्र दिलंत."

"पत्रात एक शब्द खोटा नाही. त्यांनी खाद्य माशांचं विचारलं, मी खाद्य माशांचं सांगितलं. फुरूबद्दल कुणी विचारलंच नाही."

"मी इथेच होते. मला विचारायचं."

माकोयेंनी डब्याचं झाकण हळूच लावलं. "तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि मी पत्र दिलं नसतं तरी त्यांनी कापलाच असता. आज नाही तर पुढल्या वर्षी. पोट आहे ताई त्यांना. निदान यातून काहीतरी शिकायला तरी मिळेल."

यातलं एकही वाक्य तिला खोडता येत नव्हतं. तेच तिला असह्य झालं. तिने डबा त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"ही माझ्या टाकीत राहील," ती म्हणाली. "आणि मला ताई म्हणू नका. तुमच्याशी माझं नातं नाही."

*

दुसऱ्याच दिवशी ती माहेरी गेली, या वेळी बसने आणि पुढे पायी. लुहेंडे जेवायला बसला होता. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सुक्या डागा मासळीची आमटी. मिंझाने तिच्यासाठी पाट मांडला, पण ती बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं: पत्र कशासाठी दिलं होतं, डॉक्टरला काय हवं होतं, डब्यातली मादी पाहून त्याचा चेहरा कसा झाला.

लुहेंडेचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तो इथे उभा राहून माझं भात बघत नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"चिखल बघत होता."

"हो."

"आणि मी त्याला कोंबडा दिला." त्याने घास ताटात ठेवला, हात धुतले, सावकाश पुसले आणि कोपऱ्यातली कुदळ उचलली. "त्या काचेच्या टाक्या किती आहेत म्हणालीस?"

मिंझा दारात आडवी झाली. न्यान्झोबेने भावाचा दंड धरला. काल रात्रभर तिच्या मनात तेच येत होतं, एकेक टाकी फुटताना तिने पाहिलीही होती, आणि आता तीच त्याला ओढून धरत होती.

"टाक्या फोडून तुला तुरुंगात घालतील. त्याला नव्या टाक्या येतील."

"मग काय करू? नाचू?"

"पाट बुजव. पाणी सरळ जातंय म्हणून गाळ जातोय. पाणी पसरू दे, आणि खालच्या अंगाला चाळीस पावलांचा पट्टा लव्हाळ्याला सोड. वरचं भात तसंच राहील."

"खालचा तुकडा म्हणजे माझाच. सगळ्यांत चांगला." त्याने कुदळ भिंतीला टेकवली. "आता रोपं उभी आहेत. पाट बुजवला तर माझ्यासकट बाराही घरांची बुडतील. कापणी होऊ दे."

कापणी म्हणजे जून. मध्ये पाच महिने, त्यात मोठा पाऊस. तोवर किती माद्या चुकतील याचा न्यान्झोबेने हिशोब केला आणि तो मनातच ठेवला.

"डॉक्टरला जे हवंय ते आपण द्यायचं नाही," लुहेंडे म्हणाला. "तुझे ते रंगीत मासे त्याच्या नाकावर टिच्चून पुन्हा आणू. कापणी झाली की तुकडा तुझा. शब्द दिला."

ती हो म्हणाली. मिंझाने पुन्हा पाट सरकवला, तेव्हा ती बसली आणि जेवली.

*

पाच महिने ती दर बुधवारी तबकडी सोडत राहिली आणि आकडे लिहीत राहिली. मोठ्या पावसात तबकडी वीतभरावर दिसेनाशी व्हायची. माकोयेंशी ती कामापुरतं बोलायची. टाकीत त्या मादीची पिल्लं मोठी झाली. जूनमध्ये नरांना रंग फुटू लागला, तोही धड नाही. ना लाल ना निळा, ओल्या विटेवर शाई सांडावी तसा काहीतरी. त्या दिवशी माकोये टाकीसमोर तासभर खुर्ची टाकून बसले होते. न्यान्झोबेने दुसऱ्या दाराने ये-जा केली.

लुहेंडेने शब्द पाळला. भात घरात आलं त्याच आठवड्यात बारा घरांतली माणसं कुदळी घेऊन उतरली. पाट बुजला, पाणी आडवं पसरलं. पलीकडच्या खाडीतून होडीने लव्हाळ्याचे गड्डे आणले होते. बायका काठावर ते सोडवून देत होत्या, लुहेंडे आणि न्यान्झोबे गुडघाभर चिखलात ओळ धरून लावत होते.

दुपारी केंद्राची बोट आली. माकोये बोटीतच उभे राहिले. त्यांनी ओळीकडे पाहिलं, बुजलेल्या पाटाकडे पाहिलं.

"न्यान्झोबे, हे काय चाललंय?"

"लागवड."

"अजून दोन वर्षं तरी पाणी असंच राहायला हवं होतं. तुम्हाला कळतंय का, तुम्ही सोळा वर्षांवर पाणी फिरवताय. तुमच्याच."

"हेही लिहून घ्या," ती म्हणाली. "तारीख घालून."

बायकांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. लुहेंडेने चिखलाने भरलेला हात उंच केला. "डॉक्टर, तो कोंबडा आठवतो का? चांगला होता ना?"

बोट वळली आणि इंजिनाचा आवाज बेटाच्या दिशेने विरत गेला. लुहेंडे बराच वेळ खुशीत होता. गुणगुणत तो एकेक गड्डा पायाने दाबत पुढे सरकत होता.

"वर्षभरात उभा राहील ना हा?" त्याने विचारलं.

"त्याच्याही आधी."

"म्हणजे पाणी निवळेल."

"निवळेल."

"आणि पुढल्या कापणीपर्यंत तुझे लाल लाल होतील, निळे निळे."

न्यान्झोबे हातातला गड्डा बसवत होती. आणखी एक 'हो' म्हटलं असतं तर दिवस संपला असता.

"नाही," ती म्हणाली.

त्याचं गुणगुणणं थांबलं.

"जे मिसळले ते मिसळले. त्यांची पिल्लं पुन्हा वेगळी होत नाहीत, पाणी कितीही निवळलं तरी. बेटाच्या पलीकडे खडक खोल आहे, गाळ तिथे कमी पोचतो. तिथे थोडे अस्सल उरले असतील. मी बघितलेले नाहीत."

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बोटीत."

काठावरच्या बायकांचे हात थांबले होते. मिंझा एकदा नवऱ्याकडे आणि एकदा नणंदेकडे बघत होती. लुहेंडेने आपल्या त्या तुकड्याकडे पाहिलं. या वर्षी सगळ्यांत भरगच्च लोंब्या तिथेच आल्या होत्या. आता तिथे गुडघाभर पाणी होतं.

"त्या दिवशी घरी बोलली असतीस, तर मी हा तुकडा दिला नसता."

"म्हणूनच नाही बोलले."

"डॉक्टरनंही," तो सावकाश म्हणाला, "मला हवं तेवढंच सांगितलं होतं."

पाच महिने ती माकोयेंना द्यायची उत्तरं मनात घोळवत होती. बसमध्ये, बोटीत, टाक्या धुताना. त्यांतलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. तिने हात पाण्यात बुडवले आणि चिखल धुतला, पुन्हा चिखलात घालायचे होते तरी.

लुहेंडेने समोरचा लावलेला गड्डा मुळासकट उपटला. तो आता भिरकावणार असं तिला वाटलं. त्याने तो उलटापालटा करून पाहिला, हातभर पुढे जिथे पाणी जास्त खोल होतं तिथे खुपसला आणि टाचेने दाबला, एकदा, दोनदा, गरजेपेक्षा जास्त वेळा.

"बुधवारी मी बोटीत येणार," तो म्हणाला. "पलीकडच्या खडकापाशी."

"ये. मी दाखवते."

"तू काही दाखवू नकोस. काही सांगू पण नकोस. माझे डोळे आहेत."

आणि तिच्याकडे न बघताच त्याने पुढच्या गड्ड्यासाठी हात मागे केला.